अल्बम नको, खिडकीतले चार फोटो मागा

'मुंबईला चाललीस व्हय? आधी काकांकडं जा.' कोल्हापुरात राजारामपुरीतल्या काकांच्या या फोटो स्टुडिओची जाहिरात एवढीच. 2022 च्या मे महिन्यात मीही गेले, सोबत आमच्या एकांकिकेतला हिरो. (स्टेजवरचा, आणि तेव्हा स्टेजखालचाही.) दोघांनी मिळून पोर्टफोलिओ (ऑडिशनला दाखवायचे फोटो) केला तर हजार रुपये कमी होत होते.

पॅकेज माणशी 9,000. चार ड्रेस, मेकअप आणि चकचकीत जाडजूड अल्बम. मेकअपवाल्या ताईंनी मला हळदीच्या नवरीगत करून टाकलं. रंकाळ्यावरच्या फोटोत माझी ओढणी वाऱ्यावर काय सुंदर उडते! त्या दिवशी वारा पडला होता. ओढणीचं टोक हिरोच्या हातात होतं, तो कठड्यामागं उकिडवा बसलेला.

हा अल्बम मुंबईत एकानंही उघडला नाही. वर्सोव्याच्या आरामनगरात बंगल्याबंगल्यातनं ऑडिशन चालतात. दारातला पोरगा तोंड बघतो, 'नॉट फिट' म्हणतो, विषय कट. आत घेतलंच तर कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची, डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात. फोटो मागतात ते व्हॉट्सॲपवर, बिनमेकअपचे. ओशिवऱ्याच्या पीजीत माझी गादी एका बाजूला खचली होती, तिथं अल्बम बरोब्बर बसला.

कामाला आले ते पॅकेजात नसलेले चार फोटो. शूट संपवून मी तोंड धुऊन आले, तर काका म्हणाले, "थांब, त्या खिडकीत उभी राहा. हसू नको." एक समोरून, दोन बाजूंचे, एक पूर्ण उंचीचा. पैसे विचारले तर म्हणाले, "चहा सांग." त्या फोटोंवरच पहिलं काम मिळालं. मालिकेतली नर्स, दोन दिवस, तीन वाक्यं. त्यातलं एक मी 'डॉक्टरांना बोलवून आणतो' असं टाकलं आणि अख्खा सेट हसला. आमच्याकडं पोरी येतो-जातोच म्हणतात, त्याला मी काय करू? पैसे आले 90 दिवसांनी.

काकांना हे सगळं ठाऊक आहे, मग अल्बम गळ्यात का मारतात? परवा तोंडावर विचारलं. "तो मुंबईसाठी नसतोय गं. घरच्यांसाठी असतोय." निघायच्या आधी आठवडाभर आईनं तो गल्लीत घरोघर फिरवला होता, ते आठवून मी गप्प बसले. तरी 9,000 म्हणजे पीजीचं एक महिन्याचं भाडं. त्याचे तारे कापलेत, 5 पैकी साडेतीन.

वेळ काढून जा. लाईट लावता लावता काका कोल्हापुरात सिनेमा सुरू करणाऱ्या बाबूराव पेंटरांपासून सुरू होतात. "प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथं निघाली, 1933 ला पुण्याला गेली. कंपनी ऱ्हायली न्हाई, तुम्ही पोरं कुठली ऱ्हाताय?" अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास धरा.

एक वैयक्तिक तक्रार. दर्शनी काचेत आमचा दोघांचा फोटो अजून लावलेला आहे. हिरो मालाडला, मी ओशिवऱ्यात, मधे दोन स्टेशनं. पण त्याला मालिका मिळाली हे मला तिसऱ्याकडनं, ते पण स्टेटसवर कळलं. तेव्हापासून बोलणं नाही. फोटो काढा म्हटलं तर काका म्हणतात, "तुमच्या फोटोकडं बघून आठवड्याला दोन जोड्या येतात की."

यंदा खिडकीतले नवे चार काढून घेतले. आता त्याचे 400 घेतात. चहाही मीच सांगितला. सोमवारी बंद.