भडगाव रोडचं गॅरेज आणि तीन नंबरची कॉइल

चाळीसगावात भडगाव रोडला पत्र्याचं एक गॅरेज आहे. पाटी नाही, बसायला जुना टायर. जुन्या पेट्रोल गाडीचं इलेक्ट्रिकचं काही निघालं तर मी आता तिथेच जाते. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण कॉइलच्या, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाच्या, नावावर गिऱ्हाईक कापणं फार सोपं असतं.

माझी गाडी २०११ ची. चार सिलिंडर, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर वेगळी कॉइल. लेक संभाजीनगरला शिकते, त्यामुळे कन्नड घाट नेहमीचा. गावात गाडी अगदी गुणी. घाट लागला आणि पाय दाबला की झटके, पिकअप गायब, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. थांबून गार केली की पुन्हा शहाणी. आधी जिथे दाखवली तिथे पेट्रोलला दोष दिला, मग पंपाला, आणि शेवटी "चारी कॉइल टाकून घ्या मॅडम" म्हणून मोकळे झाले. चारी का, याचं उत्तर मात्र मिळालं नाही.

भडगाव रोडच्या भाऊंचा पहिला निरोप: "ताई, गाडी गार आणू नका. घाटाच्या पायथ्यापर्यंत पळवून आणा." बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल हजारो व्होल्ट करते. चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पडायला आणखी जोर लागतो, आणि आतलं इन्सुलेशन गरमीनं कच्चं पडलं असेल तर कॉइल तिथेच हात टेकते. आणि आपल्या खान्देशातली मे महिन्यातली गरमी!

गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोषाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर आलं पी ०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरला मिसिंग, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. आता हा कोड जागा सांगतो, कारण सांगत नाही. प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं. भाऊंनी इंजिन बंद करून तीनची कॉइल एकवर टाकली, एकची तीनवर, कोड पुसला आणि मला शेजारी बसवून पुन्हा तेवढीच गाडी पळवली. परत आल्यावर स्क्रीनवर पी ०३०१. "आते दखा ताई, कॉइलच गयेल शे." दुखणं कॉइलसोबत सरकलं होतं. तीनवरच राहिलं असतं तर कॉइल निर्दोष. नवा पार्ट मागवायच्या आधीच निकाल लागला. मीटर का लावत नाही, असं मी विचारलं. गार कॉइल मीटरवर चांगलीच दिसते, म्हणाले, आणि आत इग्नायटर, म्हणजे ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक स्विच, असलेल्या कॉइलचं तर साध्या मीटरवर कळतच नाही.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. कॉइल मेली हे कळल्यावर ती का मेली हेही त्यांनी शोधलं. तीनच्या प्लगच्या खड्ड्यात तेल साचलं होतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग वयानं कडक होऊन गळत होतं आणि कॉइलचं रबरी बूट तेलानं फुगलं होतं. प्लगही झिजून त्यांची गॅप वाढलेली, म्हणजे प्रत्येक ठिणगीला कॉइलवर जादा ताण. नुसती कॉइल टाकली असती तर नवीही त्याच वाटेनं गेली असती. म्हणून पॅकिंग, चार प्लग आणि कॉइल एकच. प्लग खोलण्याआधी हवा मारून खड्डे साफ केले, कचरा सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून. लुकलुकता दिवा घेऊन घाट चढू नका, असंही बजावलं: न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो गेला की कॉइलचा खर्च चिल्लर वाटतो.

बाकीच्या तीन कॉइल "चालताहेत तोवर चालू द्या" म्हणाले. इथे माझं थोडं वेगळं आहे. त्याही त्याच वयाच्या, आणि रात्री घाटात अडकायची माझी तयारी नाही. म्हणून एक जादा कॉइल आणि दहाचा पाना डिकीत ठेवलाय. एक बोल्ट, एक कनेक्टर, बदलणं अवघड नाही.

तपासणीचे ३०० रुपये वेगळे घेतात, त्यावर काही लोक कुरकुरतात. मला ते सगळ्यात रास्त वाटले. मजुरी ६००. कॉइल ओरिजिनलच लावतात, पण ठेवत नाहीत; जळगावहून मागवावी लागली आणि गाडी तोवर दारात उभी. फोन उचलत नाहीत. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान. दुपारी शटर ओढून झोपतात, आणि उन्हाळ्यात ही दुपार बरीच लांबते.

जायचं तर सकाळी जा, गाडी गरम करून. आणि मोबाईलवरच्या स्कॅनरनं घरीच कोड पुसून नेऊ नका. त्यांना आधी तोच बघायचा असतो.