पाती, गिअरबॉक्स की ग्रिड? पवनऊर्जेच्या संशोधनात शिरण्याआधी

सार्वजनिक निधीतल्या संशोधन-जागांच्या जाहिरातीत ‘पवनऊर्जा’ हा शब्द ठळक असतो आणि खरं काम खालच्या चार ओळींत दडलेलं असतं. कुठे पात्यांभोवतीची हवा, कुठे गिअरबॉक्सचं बेअरिंग, कुठे विजेचं रूप बदलून ती ग्रिडमध्ये, म्हणजे वीजजाळ्यात, सोडणाऱ्या कन्व्हर्टरचं नियंत्रण. बाहेरून सगळं एकच क्षेत्र वाटतं. आत गेल्यावर मात्र रोजचं काम इतकं वेगळं असतं की एकाच मजल्यावरच्या दोघांना एकमेकांचा प्रबंध धड वाचता येत नाही. मी पात्यांपासून सुरुवात केली, नंतर गिअरबॉक्सकडे सरकलो आणि ग्रिडवाल्यांच्या शेजारी बरीच वर्षं बसलो. त्यामुळे हा आढावा तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

निवड करणारे बहुतेक जण विचारतात, ‘पुढे वाव कशात आहे?’ मी उलट विचारतो: पुढच्या चार वर्षांत खरं मोजमाप तुमच्या हाती कुठे लागेल? पवनचक्कीची बहुतेक माहिती उत्पादकाच्या कुलपात असते. सरकारी पैशाने ते कुलूप जिथे उघडलंय, तिथला विषय आधी बघावा.

पाती

या शाखेचं सिद्धांतकाम देखणं आहे. वाऱ्यातली जास्तीत जास्त 16/27, म्हणजे सुमारे 59.3 टक्के ऊर्जाच चक्कीला काढून घेता येते, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ बेट्झ यांचं गणित शंभर वर्षांपूर्वीचं. त्यावर उभी असलेली पात्याचे तुकडे पाडून बळं काढण्याची पद्धत कोणीही दोन संध्याकाळींत प्रोग्रॅममध्ये बसवू शकतो. म्हणून वाटतं, इथलं सगळं कळून चुकलंय.

तो भ्रम 2000 साली फिटला. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने, म्हणजे एनआरईएलने, 10 मीटर व्यासाची दोन पात्यांची चक्की नासाच्या एम्स केंद्रातल्या 24.4 बाय 36.6 मीटरच्या विंड टनेलमध्ये उभी केली. मोजमापं गुप्त ठेवली आणि जगभरच्या जाणकारांना आधी आपापलं भाकीत द्यायला सांगितलं. वारा समोरून, स्थिर, पात्यावरून हवा सुटलेली नाही, म्हणजे परीक्षेतला सगळ्यात सोपा प्रश्न. तरी शक्तीचे अंदाज मोजलेल्या आकड्याच्या 25 टक्क्यांपासून 175 टक्क्यांपर्यंत विखुरले! हा निकाल झाकून न ठेवता छापला गेला आणि पुढे कित्येक वर्षं प्रत्येक नवं मॉडेल त्याच आकड्यांवर घासून पाहिलं गेलं. विंड टनेलचं भाडं आणि सगळ्यांच्या चुका एकत्र जाहीर करायची तयारी, हे दोन्ही एका कंपनीकडून मिळणं कठीण.

अडचण आकारांची आहे. आजच्या बाजारातल्या पात्याचा नेमका आकार आणि आतली थरांची मांडणी तुम्हाला कोणी देत नाही. त्यावर उपाय म्हणून सार्वजनिक संस्थांनी कागदावरच्या ‘संदर्भ चक्क्या’ बनवल्या: एनआरईएलची 5 मेगावॉटची 2009 मध्ये, डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाची 10 मेगावॉटची 2013 मध्ये, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पवन गटाची 240 मीटर व्यासाची 15 मेगावॉटची 2020 मध्ये. यातली 5 मेगावॉटची चक्की कधीच उभी राहिली नाही, पण प्रबंधांत तिच्याइतकी फिरलेली चक्की दुसरी नसेल.

आणि वेळ. पात्याच्या फटीग टेस्टमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा भार देऊन थकवण्याच्या चाचणीत, पातं बुंध्याशी काँक्रीटच्या ठोकळ्याला बोल्टांनी आवळतात आणि त्याच्या नैसर्गिक कंपनसंख्येवर झुलवत ठेवतात. लांब पात्याचं टोक सेकंदाला एक झोकाही पुरा करत नाही. सेकंदाला 0.6 झोके धरले तर दहा लाख झोक्यांना रात्रंदिवस एकोणीस दिवस लागतात, आणि चाचणी दहा लाखांवर थांबत नाही. एकदा पहाटे मी स्क्रीनकडे बघत होतो आणि बुंध्याजवळच्या एका स्ट्रेन गेजची (ताण मोजणाऱ्या चिकटपट्टीची) रेष हळूहळू वर सरकायला लागली. पातं गेलं, असं समजून मी चाचणी थांबवली. निघाला होता गेजखालचा गोंद. चूक माझीच: चिकटवण्याआधी पृष्ठभाग नीट घासला नव्हता. चाचणी पुन्हा बसवण्यात आठवडा गेला. अशा आठवड्यांचा ज्याला संताप येतो, त्याने ही शाखा धरू नये.

गिअरबॉक्स, किंवा तो नसणं

इथला प्रश्न एका आकड्यात मावतो. त्याच 5 मेगावॉटच्या संदर्भ चक्कीत पाती मिनिटाला 12.1 फेरे घेतात, जनरेटरला हवे असतात जवळजवळ 1174. मधलं गुणोत्तर 97 चं. मंद फिरणाऱ्या मुख्य शाफ्टवरचा पीळ (टॉर्क) सुमारे 42 लाख न्यूटन-मीटर होतो. तो पीळ झेलायचा, शिवाय वाऱ्याचे आडवेतिडवे धक्के सोसायचे, आणि तेही वीस वर्षं, जमिनीपासून 90 मीटर उंचीवर, जिथे बेअरिंग बदलायचं तर क्रेन आणावी लागते.

या विषयाला ग्लॅमर नाही. तेल, ग्रीस आणि जुन्या यंत्रशाळेचा वास, असंच लोकांना वाटतं. माझ्या मते तिन्हींत सगळ्यात कमी लेखलेली शाखा हीच आहे आणि त्याला कारण एनआरईएलने 2007 च्या सुमारास सुरू केलेला गिअरबॉक्स विश्वासार्हतेचा सामायिक प्रकल्प. 750 किलोवॉटचे दोन गिअरबॉक्स आतपर्यंत सेन्सर लावून तयार केले. एकाची आधी चाचणी-बाकावर परीक्षा झाली, मग त्याला खऱ्या चक्कीवर चढवलं. तिथे दोनदा तेल गेलं आणि वेगवान टप्प्यातले दाते खराब झाले. कंपनीत असं झालं असतं तर गिअरबॉक्स मुकाट्याने बदलला गेला असता आणि अहवाल फाइलमध्ये पडून राहिला असता. इथे तो उतरवला, परत बाकावर फिरवला, त्याचे कंपनांचे सिग्नल वेगवेगळ्या गटांना दिले आणि विचारलं: आत काय बिघडलंय ते न उघडता सांगा. मग उघडून एकेक दाता, एकेक बेअरिंग जाहीर केलं. निरोगी आणि बिघडलेल्या अशा दोन्ही गिअरबॉक्सची कंपनं 2014 मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. कंपनांवरून बिघाड ओळखायला शिकणाऱ्याला खरा बिघाड, तोही उत्तरासकट, फार क्वचित मिळतो.

याच प्रकल्पातून एक समजही पक्का झाला. खलनायक म्हणून दातांकडे बोट दाखवलं जाई, पण मोठ्या गिअरबॉक्सचं दुखणं पुष्कळदा बेअरिंगमध्ये सुरू होतं, आणि नुसता पीळ मोजून भागत नाही. मुख्य शाफ्ट वाकतो, मधल्या गिअरभोवतीच्या ग्रहगिअरांवर भार सारखा वाटला जात नाही, एखादं बेअरिंग आपल्या वाट्यापेक्षा जास्त सोसतं.

मग गिअरबॉक्स काढूनच टाकला तर? थेट जोडलेला जनरेटर, ‘डायरेक्ट ड्राइव्ह’, नेमकं हेच करतो. पण फेरे कमी म्हणजे तीच शक्ती काढायला पीळ जास्त, आणि जनरेटरचा आकार पिळावर ठरतो. व्यास दहा मीटरपर्यंत जातो. जनरेटरचा स्थिर भाग (स्टेटर) आणि फिरता भाग (रोटर) यांच्यातली फट मात्र व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे सेंटिमीटरभर ठेवावी लागते. दहा मीटरचा सांगाडा हलत्या मनोऱ्यावर सेंटिमीटरच्या आत गोल राखायचा. त्यात चुंबकं निओडिमियमची, म्हणजे दुर्मीळ मृदांच्या पुरवठ्यावरचं अवलंबन आलंच. विजेला अडथळा न करणारी अतिवाहक गुंडाळी वापरून हा आकार घटवायचा प्रयत्न युरोपीय संघाच्या निधीतून ‘इकोस्विंग’ प्रकल्पात झाला. 3.6 मेगावॉटचा जनरेटर डेन्मार्कमधल्या थायबोरॉन इथे चक्कीवर बसला आणि साडेसहाशेहून अधिक तास ग्रिडला वीज देत राहिला. तंत्र चालतं, हे सिद्ध झालं. परवडतं का, हा प्रश्न वेगळा. तुम्ही विद्युतचुंबकीय बाजूचे असाल तर इथे काम पुष्कळ आहे, मात्र मोठा नमुना हाताळायला मिळणं नशिबावर. बहुतेकांचा जनरेटर शेवटपर्यंत सॉफ्टवेअरमध्येच फिरतो.

कन्व्हर्टर आणि ग्रिड

सुरुवात करायला सगळ्यात सोपी शाखा ही. लॅपटॉप, सिम्युलेशनचं पॅकेज, आणि पहिल्याच महिन्यात आलेख दिसू लागतात. जागाही इथेच जास्त निघतात, कारण पवनवीज वाढली की ग्रिड सांभाळणाऱ्यांची झोप उडते.

मूळ मुद्दा असा. स्टेटर आणि रोटर दोन्हींकडून ग्रिडशी जोडलेल्या ‘डबली फेड’ जनरेटरमध्ये कन्व्हर्टर फक्त रोटरच्या बाजूला असतो आणि एकूण शक्तीच्या साधारण 30 टक्केच त्यातून जाते. म्हणून तो लहान आणि स्वस्त पडतो. पण स्टेटर सरळ ग्रिडला टांगलेला, त्यामुळे ग्रिडवरचा प्रत्येक हिसका यंत्रात शिरतो. पूर्ण क्षमतेच्या कन्व्हर्टरमधून सगळीच शक्ती जाते. खर्च जास्त, पण चक्की आणि ग्रिड यांच्यामध्ये भिंत उभी राहते आणि भिंतीच्या अलीकडे कसं वागायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं.

सॉफ्टवेअर ठरवतं म्हणजे काय, ते 28 सप्टेंबर 2016 रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात दिसलं. वादळात पारेषण मनोरे पडले आणि दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज खाली गेलं. चक्क्यांनी प्रत्येक धक्का सोसला. पण ठरावीक वेळात किती धक्के सोसायचे याची मर्यादा अनेक चक्क्यांच्या नियंत्रकात आधीच लिहिलेली होती. ती ओलांडताच सात सेकंदांच्या आत 456 मेगावॉट वीज गेली, शेजारच्या राज्याची जोडवाहिनी जादा भाराने तुटली आणि सुमारे साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले. ना पातं तुटलं होतं, ना गिअर. सेटिंगमधल्या एका आकड्याची ही करणी, आणि ग्रिड चालवणाऱ्यांना तो आकडा ठाऊक नव्हता.

या शाखेची खोच नेमकी त्यातच आहे. उत्पादकाचं नियंत्रक-मॉडेल तुम्हाला मिळतं ते बंद डब्यात: इनपुट द्या, आउटपुट घ्या, आत डोकावायचं नाही. आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या) मानकातली सामान्य मॉडेलं खुली आहेत, पण ती सरासरी चक्कीची, आणि घात सरासरीबाहेरच्या सेटिंगने होतो. म्हणून ज्या गटाजवळ नुसतं सिम्युलेशन आहे तिथे चार वर्षांत आलेख खूप जमतात, पण ते ताडून बघायला काही नसतं. ज्या प्रयोगशाळेत खऱ्या कन्व्हर्टरला हवं तसं बिघडलेलं ग्रिड दाखवणारं उपकरण आहे, तिची गोष्ट वेगळी. एनआरईएलच्या (2025 अखेरपासून नाव ‘नॅशनल लॅबोरेटरी ऑफ द रॉकीज’) बोल्डरजवळच्या केंद्रात असं 7 मेगाव्होल्ट-अँपिअरचं यंत्र आहे. तशी सोय असेल तर माझा सगळा पूर्वग्रह बाजूला ठेवून मी ग्रिडलाच पहिली पसंती देईन.

पैसा कशासाठी मंजूर झालाय

शाखेइतकंच हेही बघावं. जर्मनीने संशोधन खात्याच्या पैशातून ‘ग्रोव्हियान’ बांधली: 3 मेगावॉट, सुमारे 100 मीटर व्यास, दोन पाती, पात्यांचा रोटर मनोऱ्यामागे. 1983 ते 1987 मध्ये ती एकूण 420 तासांच्या आसपासच चालली. मध्यभागाच्या सांगाड्याला भेगा पडत राहिल्या. नासाची 2 मेगावॉटची ‘मॉड-1’ सुद्धा तशीच, रोटर मनोऱ्यामागे. पातं मनोऱ्याच्या सावलीतून जाताना घुमणारा आवाज आसपासच्या घरांत पोचायचा. त्याच काळात डेन्मार्कने 1978 मध्ये रिसो इथे छोटं चाचणी केंद्र काढलं, लहान कारखानदारांच्या दोनअंकी किलोवॉटच्या चक्क्या तपासल्या आणि तिथली मान्यता असेल तरच खरेदीदाराला अनुदान दिलं. ग्रोव्हियानपेक्षा त्या किरकोळ दिसत. पण बिघडल्या की दुरुस्त होऊन पुन्हा चाचणीला येत, आणि पुढे जगभर तीन पात्यांची, वाऱ्याकडे तोंड केलेली हीच डॅनिश घडण पसरली.

प्रबंधाच्या मापात याचा अर्थ असा: निधी एका भव्य नमुन्यासाठी असेल आणि तो नमुना दोन वर्षं उशिरा आला, तर तुमची दोन वर्षं गेली. निधी चाचणी-सोयीसाठी असेल तर एकाचं यंत्र रखडलं तरी दुसऱ्याचं बाकावर असतं.

मग कुठे?

हाताने काम करायला आवडत असेल, बिघाडाचं मूळ शोधण्यात रस असेल आणि नियंत्रण-सिद्धांत जेमतेम असेल, तर गिअरबॉक्स आणि बेअरिंग. इथली स्पर्धा कमी, खुली माहिती चांगली, आणि शिकलेलं इतर यंत्रांनाही लागू पडतं. गणित पक्कं आहे, लवकर प्रकाशन हवंय, नंतर नोकरीही हवीय, तर ग्रिड, पण वर म्हटलं तसं उपकरण असेल तरच. पाती अशांसाठी ज्यांना द्रवगतिकीचं मुळातूनच वेड आहे. ‘बघू जमतंय का’ म्हणणाऱ्यांसाठी नाहीत. डायरेक्ट ड्राइव्हचा प्रकल्प मिळत असेल तर जनरेटर आधीच बांधून उभा आहे की अजून निविदेत आहे, एवढं तरी विचाराच.

मुलाखतीला गेलात की मार्गदर्शकांना सरळ विचारा: या प्रकल्पातल्या मोजमापाची फाइल कोणाच्या ताब्यात आहे, आणि छापायला कोणाची सही लागते? फाइल आमच्या सर्व्हरवर आहे, मागच्या वर्षीची आजच पाहून घ्या, असं उत्तर आलं तर बसून पुढचं बोला. उद्योगातल्या भागीदाराशी करार व्हायचाय, असं ऐकलंत तर तो कधी अपेक्षित आहे आणि तोवर तुम्ही कशावर काम करणार, हे दोन्ही लेखी मागा. आणि जमलंच तर मागच्या तुकडीतल्या एखाद्याला गाठून विचारा की त्याच्या प्रबंधातलं किती मोजलेलं होतं आणि किती सिम्युलेशनमधलं.