टीम शीटवर पोराचं नाव नव्हतं

मी कोल्हापूरचा. फुटबॉलमधलं मला कुणी काही शिकवायची गरज नाही, असा एक माज अंगात होता. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा या तालमी-मंडळांच्या फुटबॉल संघांची नावं ऐकत मोठा झालो, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून घसा बसवून घेतला, आणि खालच्या डिव्हिजनला का होईना, चार हंगाम राइट बॅक खेळलो. असा माणूस नवी मुंबईत येऊन बारा वर्षांच्या पोराच्या फुटबॉल क्लबच्या नावाखाली 96,000 रुपयांना बुडतो. सांगायला लाज वाटते. तरी सांगतोय, कारण मे-जून आला की बदल्या होतात, नवीन घरं घेतली जातात, आणि त्याच दिवसांत या लोकांचे ट्रायल्सचे बोर्ड चौकाचौकांत लागतात.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही खारघरला राहायला आलो. सामानाचे खोके सोडवायच्या आधीच पोरगं विचारत होतं, "बाबा, क्लब?" गावाकडं क्लब शोधावा लागत नाही. ज्या पेठेत जन्मलास, त्या पेठेची तालीम तुझी. तिथला वस्ताद तुझ्या आजोबाला ओळखतो, त्यामुळं फसवायचं म्हटलं तरी त्याला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जायचं असतं. इथं सोसायटीत शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते कळायला आम्हाला दोन महिने लागले.

नेरूळच्या एका शाळेच्या मैदानावर ट्रायल्स होत्या. फी 500 रुपये. चाळीसेक पोरं, रंगीत बिब, कोन मांडलेले, शिट्टी. प्रशिक्षक सर तिशीतले, बोलायला गोड, आणि खेळाचं ज्ञान खोटं नव्हतं. हे मुद्दाम लिहितोय. फसवणारा माणूस म्हणजे ज्याला बॉल मारता येत नाही असा कुणीतरी, हे माझं गृहीत होतं. हे सर पोराला पहिल्याच दिवशी म्हणाले, "बॉल घेण्याआधी खांद्यावरून मागं बघ." हेच मी त्याला वर्षभर सांगत होतो. तिथंच मी विरघळलो.

रात्री दहाला फोन. "अभिनंदन, मुलगा थेट एलिट बॅचमध्ये. पुढच्या सीझनला कॉम्पिटिटिव्ह लीग खेळणार." मला तेव्हा आनंद झाला. नंतर कळलं, की त्या दिवशी आलेल्या सगळ्याच पोरांच्या घरी दहाच्या आसपास फोन वाजला होता.

वर्षाची फी 36,000, एकरकमी भरली तर. किट 6,500. आणि 'फेडरेशन रजिस्ट्रेशन'चे 4,000. पैसे सरांच्या नंबरवर जीपे करायचे, कारण क्लबचं खातं 'अपग्रेड होतंय'. पावती मागितली तर व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा आला. कोल्हापूरला आबांना फोन केला, तर ते म्हणाले, "पैसे कशाचे? खेळायचे का बघायचे?" आमच्याकडं तिकीट बघणाऱ्याला असतं, खेळणाऱ्याला नसतं. मी त्यांना हसून समजावलं, मोठ्या शहरात असंच असतं आबा. आता ते अधूनमधून काही न बोलता नुसते "हं" म्हणतात, ते जास्त लागतं.

इथं जरा थांबून रजिस्ट्रेशनचं सांगतो, कारण सगळी मेख त्यात आहे. अधिकृत स्पर्धा खेळायची तर क्लब जिल्हा संघटनेशी संलग्न असावा लागतो, जिल्हा संघटना राज्य संघटनेशी म्हणजे विफाशी, आणि विफा एआयएफएफशी, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी. खेळाडूची नोंद एआयएफएफच्या सीआरएस नावाच्या ऑनलाइन यंत्रणेत क्लबच्या नावाखाली होते आणि त्याला आयडी नंबर मिळतो. कागद मुख्यतः जन्मदाखला आणि ओळखपत्र. हे काही गुपित नाही. मला ते ठाऊक नव्हतं, कारण माझ्या काळी असलं काही नव्हतं आणि मला वाटायचं की मला सगळं माहीत आहे.

मी जुलैत विचारलं, ऑगस्टमध्ये विचारलं, दिवाळीत विचारलं. सरांचं उत्तर तयार असायचं, आणि ते इतकं पटणारं होतं की आजही दाद द्यावीशी वाटते. खारघरला सगळे नवी मुंबई म्हणतात, पण जिल्हा रायगड, महापालिका पनवेल. नेरूळचं मैदान ठाणे जिल्ह्यात. आणि आमच्या आधारवर पत्ता कोल्हापूरचा. "तीन जिल्ह्यांचा घोळ आहे ना तुमच्या केसमध्ये, म्हणून अडकलंय. मी स्वतः बोलतोय वर." मी मान डोलावली. सरकारी कामात जिल्ह्यावरून अडवतात हे प्रत्येक मराठी माणसानं भोगलेलं असतं, त्यामुळं ते खोटं वाटतच नाही. खरं म्हणजे जिथं क्लबची संलग्नता, तिथून नोंद. नेरूळमध्ये राहणाऱ्या एका पालकांनाही सहा महिने 'सर्व्हर डाउन' सांगितलं होतं, हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

पावसाळा असाच गेला. मैदानात चिखल, म्हणून सराव बंद, फी मात्र चालू. दिवाळीनंतर 'लीग' सुरू झाली, दर स्पर्धेचे 1,500 वेगळे. टर्फवर सामने, चार संघ, चषक, फोटो, मेडलं. दोन रविवारांनी माझ्या लक्षात आलं की पंच म्हणून उभा असलेला मुलगा आमच्याच क्लबचा मदतनीस आहे. मग कळलं की चारही संघ एकाच क्लबचे, नेरूळ, खारघर, कामोठे आणि उलवे अशा शाखांचे. घरातल्या घरात भांडी बदलून पंगत वाढल्यासारखं. पण त्याच दिवशी पोराला सामनावीराचं मेडल मिळालं होतं आणि ते घालून ते झोपलं होतं. मी गप्प बसलो.

डिसेंबरात स्पेन आलं. पालकांची बैठक, प्रोजेक्टर, पडद्यावर डी. वाय. पाटील स्टेडियम. हे नाव आम्हा कोल्हापूरकरांना घरचंच, तिथं आधीच अर्धी लढाई हरलो. सर म्हणाले, 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना इथं नेरूळला झाला, स्पेननं मालीला 3-1 हरवलं, त्यात फेरान तोरेसनं गोल केला, आज तो कुठं आहे बघा. 2022 मध्ये मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही इथंच, तोही स्पेननंच जिंकला. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. एवढं खरं ऐकल्यावर पुढचं एक वाक्य कोण तपासतो? "म्हणून स्पॅनिश क्लबांची नवी मुंबईवर नजर आहे. निवडक 18 मुलांना आपण मे महिन्यात ट्रायलला नेतोय. आवडला तर तिथंच ठेवून घेतात." खर्च 1,85,000, टोकन 40,000, दोन दिवसांत.

सौ. म्हणाली, थोडं थांबू या. मी म्हणालो, जागा जाईल. टोकन भरलं, पासपोर्टच्या आणि आधारच्या प्रती दिल्या. त्या प्रती अजून त्यांच्याकडं आहेत, ही गोष्ट पैशांपेक्षा जास्त टोचते.

फिफाच्या खेळाडू बदलीच्या नियमावलीत 19 वं कलम आहे. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात नेऊन नोंदवता येत नाही. मोजके अपवाद आहेत, जसं की फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं आईबापच त्या देशात राहायला गेले तर. खारघरचं बारा वर्षांचं पोरगं ट्रायलमध्ये कितीही चमकलं तरी स्पॅनिश क्लब त्याला 'ठेवून घेऊ' शकत नाही. युरोपातले मोठे क्लब उन्हाळी शिबिरं घेतात ती पैसे भरून जायची असतात, फी भरेल तो जातो. सहल म्हणून जायचं तर जावं. निवड म्हणून कुणी विकत असेल तर तो खोटं बोलतोय, एवढं स्पष्ट आहे. हे वाचायला मला वीस मिनिटं लागली. फक्त मी ते टोकन भरल्यावर पाच आठवड्यांनी वाचलं.

वाचायची वेळ आली ती जानेवारीतल्या एका रविवारी. पहिल्यांदाच बाहेरच्या आयोजकांची स्पर्धा होती, ठाण्यात. सामन्याआधी पोरं ओळीत उभी. एक वयस्कर गृहस्थ हातात फाइल घेऊन नाव पुकारत, फोटो आणि चेहरा पडताळत पुढं सरकत होते. मी दोरीबाहेर उभा. त्यांनी एक नाव घेतलं, अनोळखी. आणि माझ्या पोरानं हात वर केला.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. गृहस्थांनी फोटो बघितला, पोराकडं बघितलं, पुन्हा फोटो बघितला. या वयात पोरांचे चेहरे सहा महिन्यांत बदलतात. त्यांनी खूण केली आणि पुढं गेले. सामना झाला. पोरगं चांगलं खेळलं, शेवटी जर्सी ओढल्याबद्दल पिवळं कार्ड घेतलं. मी पहिल्यांदाच काठावरून हाक मारली नाही. कुठल्या नावानं मारू?

ठाणे-पनवेल लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली. ऐरोली गेलं, रबाळे गेलं, घणसोली गेलं. मग ते आपणहून बोललं. "सरांनी सांगितलं होतं, फक्त या मॅचपुरतं. घरी सांगायचं नाही. रजिस्ट्रेशन आलं की माझ्या नावानं खेळायचं." पाठ करून घेतलं होतं त्यांनी, नाव, जन्मतारीख, शाळा. आणि त्यानं विचारलं, "बाबा, मी चीटिंग केली का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पकडलं असतं तर संघ बाद झाला असता, आणि शिक्का बसला असता तो पोरावर. सर "पालकांनी चुकीचे कागद दिले" म्हणून मोकळे.

दुसऱ्या दिवशी मी जिल्हा संघटनेकडं चौकशी केली. क्लब संलग्न आहे का आणि या मुलाची नोंद आहे का, एवढे दोनच प्रश्न. क्लब संलग्न होता, जुनी नोंदही होती. आमच्या पोराची नोंद नव्हती, कधी अर्जही गेलेला नव्हता. उलगडा असा, की पूर्वी नोंदवलेली पोरं सोडून गेली, त्यांचे कागद क्लबकडंच राहिले, आणि त्या कागदांवर आमच्यासारख्यांची पोरं उतरवली जात होती. सरांचे 4,000 रुपये तिथं वाचले. सरांच्या भिंतीवरची फ्रेमही मग मी नीट वाचली. परवान्यांची उतरंड ठरलेली आहे, एआयएफएफचा डी, त्यावर एएफसीचे, म्हणजे आशियाई महासंघाचे, सी, बी, ए आणि प्रो. फ्रेममध्ये होतं एका दिवसाच्या ग्रासरूट कार्यशाळेचं सहभाग प्रमाणपत्र. आठ महिने मी त्या फ्रेमखाली बसून बूट बांधायला मदत करत होतो.

सरांना फोन केला. आधी गोड, मग "तुम्हाला इथली सिस्टिम कळत नाही", मग "मुलाचं करिअर खराब करू नका". संध्याकाळी मी ग्रुपमधून बाहेर. एका परिचित वकिलांकडून नोटीस पाठवली. त्यानंतर दोन हप्त्यांत 15,000 परत आले, 10,000 आणि मग 5,000, सोबत मेसेज, "माणुसकी म्हणून". पुढं काही नाही. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. तिथून कळलं की जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. पावत्या नव्हत्या, पण जीपेचे व्यवहार होते, ग्रुपमधले मेसेज होते, आणि ते निर्लज्ज अंगठे होते. तेच जोडून तक्रार दाखल केली आहे. 81,000 अजून येणं आहेत. आमच्याबरोबर टोकन भरलेल्या सतरापैकी चारच पालक सही करायला आले. बाकीच्यांना अजून वाटतं की स्पेन होईल.

नवीन क्लब बघताना मी आता मैदानाकडं पाठ करून बसतो. सराव चांगलाच असतो, तो बघून उपयोग नाही. गेल्या मोसमात जिल्ह्याच्या कुठल्या स्पर्धेत खेळलात, त्याचं फिक्स्चर दाखवा. मुलाचा सीआरएस आयडी किती दिवसांत, आणि तो मला स्क्रीनवर दिसेल का. पैसे क्लबच्या नावाच्या खात्यात, पावतीवर. मूल सोडून गेलं तर त्याच्या कागदांचं काय करता. शेवटच्या प्रश्नावर दोन ठिकाणी चेहरे पडले. तिसऱ्या ठिकाणी एक बाई टेबलामागं बसल्या होत्या, त्यांनी न विचारता वही पुढं केली. तिथं प्रवेश घेतला. संघ साधा आहे, पोरगं अर्धा वेळ राखीव बसतं, पण नोंद तीन आठवड्यांत आली. आणि सोडून गेलेल्या मुलांपैकी एकाच्या तरी पालकांशी बोला. ग्राउंडवर उभे असलेले पालक क्लबची स्तुतीच करणार, मीही आठ महिने करत होतो.

ज्याच्या नावानं आमचं पोरगं खेळलं, त्याच्या घरचा पत्ता शेवटी लागला. सीवूड्सला राहतात. आधी फोन केला, मग सौ. आणि मी जाऊन भेटलो. त्यांनी दीड वर्षापूर्वी कंटाळून क्लब सोडला होता, पैसे त्यांचेही गेले होते. त्याच्या आईनं चहा ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. मग आतल्या खोलीकडं बघून हाक मारली, "अरे, तू ठाण्यात मॅच खेळलास म्हणे."

आतून बॅटवर बॉल आपटत एक पोरगं बाहेर आलं, आमच्यापेक्षा चांगलं वीतभर उंच.

"जिंकलो का?" त्यानं विचारलं.

"जिंकलास," मी म्हणालो. "पण तुझ्या नावावर एक पिवळं कार्ड आहे."