सिल्की कोंबड्यांच्या नावानं १८,०५० रुपये गेले. नागपूरकरांनो, आधी पायाची बोटं मोजा

मानेवाड्याला घरामागच्या जागेत मी बरीच वर्षं गावरान कोंबड्या पाळते. हे आधीच सांगते, कारण पोलीस ठाण्यात, बँकेत आणि नातेवाइकांत सगळ्यांनी मला एकच ऐकवलं, "माहीत नसताना कशाला त्या भानगडीत पडल्या?" मला माहीत होतं. मानमोडीची लस कधी द्यायची, रक्ती हगवण कशी ओळखायची, खुडूक कोंबडीखाली किती अंडी मावतात, सगळं ठाऊक होतं. तरीही मला लुबाडलं. म्हणून हे लिहिते आहे, आणि ज्यांना "आपण नाही फसणार" असं वाटतं त्यांनी तर नक्की वाचा.

सिल्की ही रेशमी पिसांची शोभेची जात, पण मला ती शोभेसाठी नको होती. ती अंडी कमी देते, वर्षाला शंभराच्या आसपास, पण खुडूक बसण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. बदकाची अंडी खाली ठेवली तरी उबवते. माझ्या कोंबड्या नागपूरच्या उन्हाळ्यात घरट्यातून उठून जातात आणि अंडी वाया जातात, म्हणून दोन सिल्की माद्या हव्या होत्या. मोबाइलवर जाहिरात दिसली. एक कोंबडा आणि दोन तलंगा, म्हणजे तरुण माद्या, मिळून ६,५०० रुपये, पिलू ३०० रुपयांना एक. मी तिघं आणि बारा पिलं सांगितली, म्हणजे १०,१०० रुपये. ५,००० आगाऊ पाठवले.

फार्म बघायला येते म्हटलं तर उत्तर आलं, "फार्मवर नका येऊ ताई, बर्ड फ्लूमुळं बाहेरच्याले आत घेत नाही आपण." आता लोक म्हणतात तिथंच शंका यायला हवी होती. का यावी? २०२४ च्या मार्चमध्ये आपल्या नागपुरातल्याच सरकारी कुक्कुट केंद्रात बर्ड फ्लू निघाला आणि हजारो पक्षी मारावे लागले. त्याच वर्षाच्या शेवटी गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात वाघ त्याच रोगानं गेले. चांगला फार्मवाला खरोखरच परक्या माणसाला आत घेत नाही. खरं कारण वापरून खोटं बोलणारा माणूस कसा ओळखायचा, हे मला कुणी सांगावं.

माल संध्याकाळी मानेवाडा चौकात मोटरसायकलवर आला. दोन खोकी, वर भोकं पाडलेली. आणलेल्या पोराला घाई होती. त्यानं उरलेले ५,१०० आणि गाडीभाड्याचे ६०० आधी टाकायला लावले.

आणि इथं ती गोष्ट झाली जी मला रात्री झोपू देत नाही. पैसे गेल्यावर मी एक पिलू हातात घेऊन दिव्याखाली धरलं. सिल्कीला प्रत्येक पायाला पाच बोटं असतात. बाकी बहुतेक कोंबड्यांना चार. हे मला पाठ होतं. माझ्या तळहातावरच्या पिलाला चार होती. कातडी काळी असायला हवी, तर नडगी पिवळट होती. मी विचारलं. तो पोरगा शांतपणे म्हणाला, "बोट मागून फुटते ना जी ताई, महिन्याभरात दिसन तुमाले." सिल्कीचा डोक्यावरचा झुपका वयानं भरतो, कानाची निळसर पाळी उशिरा रंग धरते, पिसांचा रेशमीपणा मागून कळतो, मग बोटाचंही तसंच असेल असं त्या क्षणी कुणालाही वाटलं असतं. तसं नसतं! पाचवं बोट अंड्यातून निघतानाच असतं. बोट नसेल तर ते पिलू शुद्ध सिल्की नाही, विषय संपला. त्या पोराला हे माहीत होतं आणि मला त्याचं उत्तर तपासायला अंधारात, रहदारीत, पैसे गेल्यावर वेळ नव्हता. अशीच वेळ ते मुद्दाम ठरवतात. दिवसाउजेडी माल घ्या, पक्षी हातात आल्याशिवाय पैसे टाकू नका.

मोठ्या दोघी मात्र खऱ्या सिल्की होत्या. पाच बोटं, काळी कातडी, सगळं बरोबर. पण आजारी. सिल्कीच्या डोक्यावरचा झुपका आणि गालाखालची दाढी इतकी दाट असते की डोळे त्यात बुडून जातात. घरी आणून मी बोटांनी तो झुपका वर केला तेव्हा एका तलंगीचा डोळा सुजून बंद झालेला होता, कडेला फेस, आणि नाकाशी कुजका वास. हा वास एकदा घेतला की विसरत नाही. तो कोरायझा होता, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी. सिल्की घेताना झुपका वर करून दोन्ही डोळे बघा, नाकपुडी हुंगा, लाज वाटून घेऊ नका.

मी त्यांना वेगळ्या डालग्याखाली ठेवलं होतं. तरी माझ्या गावरान कोंबड्या शिंकायला लागल्या, कारण डालगं वेगळं असलं तरी पाण्याचं भांडं विसळायची बादली एकच होती आणि वावरणारी मीही एकच. नवा पक्षी निदान महिनाभर पूर्ण लांब ठेवा, त्याचं भांडं, त्याची चप्पल, सगळं वेगळं, आणि त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जा. कोरायझा औषधानं दबतो, पण बरी दिसणारी कोंबडी तो रोग अंगात बाळगून पुढच्यांना देत राहते.

विकणाऱ्याला फोन केला तर तो चिडलासुद्धा नाही. "आपल्या डॉक्टरांशी बोला," म्हणून नंबर दिला. व्हिडिओवर बघायचे ५०० रुपये. तोवर दुसरी तलंग एक पाय पुढे, एक मागे पसरून बसायला लागली होती. कोंबड्या पाळणाऱ्याला हे बघून मरेक्सचीच भीती वाटते, म्हणजे पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूच्या रोगाची. त्याला इलाज नाही, त्याची लस हॅचरीत पहिल्याच दिवशी मानेजवळ टोचतात, आणि सिल्की या रोगाला फार बळी पडते. हा "डॉक्टर" म्हणाला कॅल्शियम कमी आहे, आणि २,८५० रुपयांच्या बाटल्या पाठवल्या. पाठवल्या मी मागितल्या म्हणून नव्हे, तर "आज नाही दिलं तर उद्या सगळा कळप जाईल" असं घाबरवून. दारात कोंबड्या मान टाकून बसल्या असताना माणूस औषधाला नाही म्हणत नाही. बाटलीवर ना घटक होते, ना बॅच नंबर. असं औषध पाजू नका. आजारी कोंबडीला सावली, कोरडी जागा, साखर-मिठाचं पाणी चमच्यानं, आणि खरा पशुवैद्य, एवढंच करा. जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२ या सरकारी नंबरवर फोन करता येतो. प्रतिजैविक दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तोवर अंडी घरात खाऊ नका.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी मला त्या मालाबरोबर आलेला "लसीकरणाचा दाखला" वाचून दाखवला. पिलांना पहिल्या आठवड्यात राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, आर-टू-बी लस दिल्याचं त्यावर लिहिलं होतं. पहिल्या आठवड्यात देतात ती लासोटा किंवा एफ; आर-टू-बी सहा-आठ आठवड्यांनंतरची. म्हणजे कागदच बनावट. दाखला मिळाला की लसीचं नाव आणि पक्ष्याचं वय जुळवून बघा.

तरीही शेवटचे ४,००० गेले. "सगळे पक्षी बदलून देतो, फक्त परत मिळणारं डिपॉझिट टाका." १४,०५० अडकलेले असताना माणूस ते सोडवायला बघतो, हे ते चांगलं जाणून असतात. त्यानंतर नंबर बंद.

आता ठाणं. मी पैसे पाठवल्याच्या पावत्या, चॅट, फोटो, बाटल्या सगळं पिशवीत घेऊन गेले. टेबलामागचा माणूस पिशवीत न बघता म्हणाला, "माल तर भेटला ना तुम्हाला? कोंबडी मेली तर आम्ही काय करणार?" मग सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर माल घेतला म्हणजे हे आमचं नाही, ठाण्यात जा. ठाण्यात पुन्हा, "हा दिवाणी वाद आहे." बनावट दाखला देऊन, खोटा डॉक्टर उभा करून पैसे उकळणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) मग कशासाठी आहे? बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकला. एका कार्यालयात पंचनामा मागितला तर म्हणे गाय-म्हैस असती तर बघितलं असतं. माझ्या अंगणातल्या कोंबड्या एकामागून एक गेल्या, रोग शेजारच्या आळीत पसरू शकला असता, आणि कुणाला साधं येऊन बघावंसं वाटलं नाही. २०१९ साली सांगलीकडे कडकनाथच्या नावानं शेतकऱ्यांना केवढं बुडवलं, ते याच महाराष्ट्रानं बघितलंय. कोंबडीचा विषय निघाला की हसणाऱ्या साहेबांनी तेव्हाच्या बातम्या काढून वाचाव्यात.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पैसे गेल्याच्या तासाभरात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, आधी विकणाऱ्याशी हुज्जत घालत बसू नका. ठाण्यात तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मी पोच घेतली तेव्हा कुठं माझा कागद हलला. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकू नका, पिशवीत बांधून थंड ठेवा आणि सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाबद्दल विचारा, कारण मृत्यूचं कारण कागदावर आलं तरच पुढं बोलता येतं. नाहीतर खोल खड्डा आणि वर चुना.

त्याच फोटोंची जाहिरात आता दुसऱ्या नावानं चालू आहे. पिलाचा दर ३५० केलाय. फोटोत मागं निळी ताडपत्री आणि पांढऱ्या कोंबडीच्या शेजारी फुटका लाल टब दिसतो. तो टब दिसला की पैसे पाठवू नका, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि नंबर मला पाठवा. माझ्या अर्जाला जोडायचे आहेत.