राईट अँड मॅन्सफिल्डचं कपाट: जोड बघायला जा

लेकीकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा तिने व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम दाखवलं. मी मिरजेचा. सांगली-कोल्हापूरकडच्या गवयांच्या तंबोऱ्यांवर तीस वर्षं नक्षी बसवतोय. म्हणून बाकीची दालनं सोडून या एका कपाटापाशी पाऊण तास उभा राहिलो.

राईट अँड मॅन्सफिल्ड हे लंडनचे फर्निचरवाले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी हे केलं आणि पुढच्याच वर्षी म्युझियमने विकत घेतलं. पिवळसर सॅटिनवूड, त्यात रंगीत लाकडांची जडणी, सोनेरी मुलाम्याच्या पट्ट्या. घाट त्यांच्याही शंभर वर्षं आधीचा, अठराव्या शतकातला ब्रिटिश वास्तुकार रॉबर्ट ॲडम याच्या वळणाचा. (मिरजेत फरीदसाहेबांनी तलवारींचं काम सोडून तंतुवाद्यं करायला घेतली तो काळही साधारण हाच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा.)

माझी नजर जडणीच्या फुलापानांवरच खिळली. अशा कामात पानाला सावली रंगाने देत नाहीत. लाकडाचा कागदासारखा पातळ तुकडा कढत वाळूत खुपसायचा, कड करपू द्यायची आणि नेमका काढायचा. एक श्वास उशीर झाला की तुकडा वाया. मग तो शेजारच्या तुकड्याला असा भिडवायचा की बोट फिरवलं तरी कळू नये. आमच्याकडे सेल्युलॉइडचा तुकडा केसभर कमी पडला तर लाख भरतो, काळ्या रेघेत ते खपून जातं. त्या फिक्या पिवळ्या लाकडावर काहीच खपणार नाही. इतका स्वच्छ जोड मी आजवर पाहिला नव्हता.

कपाटावर बसवलेल्या, वेजवुड या इंग्लिश कारखान्याच्या भाजक्या मातीच्या चकत्या मात्र मला जास्त वाटल्या. त्या नसत्या तरी कपाट उणं पडलं नसतं. आणि दारं बंद, पाठ भिंतीकडे. तबली, म्हणजे तंबोऱ्याच्या भोपळ्यावरचं लाकडी झाकण, बसण्याआधी आत हात फिरवल्याशिवाय मी कुणाच्या कामाला चांगलं म्हणत नाही, तेवढं इथे राहून गेलं.

प्रवेश फुकट आहे. साउथ केन्सिंग्टन स्टेशनला उतरा. जवळचा चष्मा न विसरता न्या आणि एका बाजूला सरकून तिरकं बघा, उजेड जोडावरून सरकतो तेव्हा काम कळतं.

घरी आल्यावर पुतण्याला मोबाईलवर फोटो मोठा करून दाखवला. बराच वेळ बघत राहिला. मग मघाशी चिकटवलेली पट्टी उचकटून म्हणाला, "काका, ही परत कापतो."