हळदीचा रंग आणि ट्यूबचा उजेड: पेढीवर वापरलेल्या उच्च सीआरआय एलईडी ट्यूबचे परीक्षण

हळदीच्या व्यापारात हळकुंड मोडून आतला गाभा पाहिल्याशिवाय भाव बोलला जात नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातले सौदे दिवसाउजेडी होतात, त्यामुळे तिथे दिव्याचा प्रश्न सहसा येत नाही. पेढीवर मात्र संध्याकाळी उशिरा आलेल्या नमुन्यांची प्रतवारी, कांडपाहून आलेल्या पुडीची तपासणी आणि कुंकवाच्या छटांची जुळवणी ही सगळी कामे दिव्याखालीच करावी लागतात. याच कामासाठी आमच्या गणपती पेठेतल्या पेढीवर साध्या एलईडी ट्यूब काढून उच्च सीआरआय असलेल्या ट्यूब बसवल्या. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, हे १०० पैकी सांगणारा आकडा. पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा हे तिन्ही ऋतू त्या वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच गुणांच्या ट्यूब अनेक कंपन्या विकतात आणि खरेदी करणाऱ्याने नावाआधी पेटीवरचे आकडे वाचावेत, असे माझे मत आहे.

आमची ट्यूब चार फुटी, २० वॅटची आणि ५००० केल्विनची आहे. केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर. पेटीवर सीआरआय ९५, आर-९ हे गडद लाल रंगाचे मूल्य ८० हून अधिक आणि एकूण प्रकाश १,८०० ल्युमेन असे छापलेले आहे. आधीची ट्यूबही २० वॅटचीच होती. तिचा प्रकाश २,००० ल्युमेन, सीआरआय ८० आणि रंग ६५०० केल्विनचा, म्हणजे आपल्याकडे दुकानदार ज्याला सरसकट ‘व्हाइट’ म्हणून विकतात तो निळसर पांढरा. केवळ ल्युमेन पाहणाऱ्याला जुनी ट्यूबच सरस वाटेल. आमचे काम रंगाचे असल्यामुळे आम्हाला तसे म्हणता येत नाही.

पहिली परीक्षा हळकुंडांची घेतली. राजापुरी हळदीच्या दोन वक्कलांतली, म्हणजे मालाच्या दोन वेगळ्या लॉटमधली हळकुंडे मोडून एकाच पांढऱ्या थाळीत ठेवली. जुन्या ट्यूबखाली दोन्ही गाभे जवळजवळ सारखे, किंचित हिरवट झाक असलेले पिवळे दिसत होते. तीच थाळी नव्या ट्यूबखाली धरली, तेव्हा एका वक्कलाचा गाभा स्पष्टपणे केशरीकडे झुकलेला आणि दुसऱ्याचा फिकट पिवळा दिसला. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात, उघड्या आभाळाखाली सावलीत पाहिले तेव्हा हाच फरक दिसला. ही खूण पटल्यावर सेलम हळदीच्या नमुन्यांवरही तेच करून पाहिले आणि तिथेही दिवसाच्या उजेडाशी नव्या ट्यूबचा मेळ बसला.

त्याहून मोठा फरक कुंकवात दिसला. हळदीला चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ लागला की तिचा रंग लाल होतो, आणि पारंपरिक कुंकू त्याच गुणावर तयार होते. जुन्या ट्यूबखाली हे कुंकू तपकिरीकडे झुकलेले, काहीसे मेलेले दिसत असे, आणि गिऱ्हाईक पुडी हातात घेऊन दारापर्यंत जाऊन पाहत असे. नव्या ट्यूबखाली त्याचा लाल रंग जिवंत दिसतो. दारापर्यंतची ती फेरी आता क्वचितच होते.

हा फरक का पडतो, हे समजून घेण्यासाठी ट्यूबच्या आत शिरावे लागते. पांढरा प्रकाश देणारी बहुतेक एलईडी मुळात निळी असते. सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश देणाऱ्या चिपवर पिवळ्या प्रकाशदायी भुकटीचा, म्हणजे फॉस्फरचा थर असतो. निळ्याचा काही भाग त्या थरात शोषला जाऊन पिवळा होतो, उरलेला निळा तसाच बाहेर पडतो आणि दोघांच्या मिश्रणाला आपला डोळा पांढरे म्हणतो. अशा मिश्रणात गडद लाल फार थोडा असतो. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ सौम्य रंगछटांची सरासरी असतो आणि गडद लाल रंगाची कसोटी, म्हणजे आर-९, त्या सरासरीत धरलेलीच नसते. त्यामुळे ८० सीआरआयच्या ट्यूबचा आर-९ शून्याच्या आसपास असू शकतो आणि पेटीवर ते कुठेच दिसत नाही. चांगल्या ट्यूबमध्ये पिवळ्याच्या जोडीला लाल फॉस्फरही घातलेला असतो. त्यात ल्युमेन थोडे कमी होतात, म्हणूनच आमच्या ट्यूबवर २,००० ऐवजी १,८०० लिहिले आहे.

या निळ्या चिपमागे शुजी नाकामुरा या अभियंत्याचे काम आहे, आणि ट्यूबचे परीक्षण करताना त्यांना वगळणे मला योग्य वाटत नाही. १९५४ साली जन्मलेले नाकामुरा तोकुशिमा विद्यापीठातून शिकून १९७९ मध्ये जपानच्या शिकोकू बेटावरील अनान इथल्या निचिया या कंपनीत लागले. ही कंपनी मुळात फॉस्फर बनवणारी. दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यांना आणि जुन्या ट्यूबलाइटना लागणारी भुकटी हा तिचा धंदा. लाल आणि हिरव्या एलईडी तेव्हा होत्या, पण पुरेशी तेजस्वी निळी कोणालाच जमलेली नव्हती. बहुतेक प्रयोगशाळा झिंक सेलेनाइडच्या मागे असताना नाकामुरांनी गॅलियम नायट्राइड निवडले. या द्रव्याचा थर सफायरच्या तबकडीवर वाढवावा लागतो आणि दोन्हींच्या स्फटिकांतील अणूंच्या अंतरात सुमारे १६ टक्क्यांची तफावत असल्यामुळे थराला तडे आणि दोष पडत. नागोया विद्यापीठातले इसामु आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी आमानो यांनी १९८६ मध्ये मधला पातळ थर घालून यावर वाट काढली होती आणि १९८९ मध्ये पी-प्रकारचे, म्हणजे धन भार वाहून नेणारे आणि एलईडीला लागणारे गॅलियम नायट्राइडही करून दाखवले होते. त्यांचे श्रेय कमी नाही.

नाकामुरांची खासियत कारखानदारीच्या अंगाने दिसते. तबकडी १,००० अंश सेल्सियसहून जास्त तापवलेली असते, त्यामुळे वरून जाणारे वायू तापून उसळतात आणि थर नीट बसत नाही. त्यांनी भट्टीची रचनाच बदलली: अभिक्रिया करणारे वायू तबकडीला समांतर सोडले आणि दुसरा वायुप्रवाह वरून खाली दाबला, जेणेकरून पहिले वायू पृष्ठभागाला टेकून राहतील. १९९० मध्ये दाखल झालेल्या या पद्धतीचे जपानी पेटंट २६२८४०४ या क्रमांकाने नोंदले गेले आणि पुढे ‘४०४ पेटंट’ म्हणून गाजले. पी-प्रकारचा थर मिळवण्यासाठी इलेक्ट्रॉनांचा मारा करण्याऐवजी नायट्रोजनमध्ये नुसते तापवले तरी चालते, आणि अडथळा थरात अडकलेल्या हायड्रोजनचा असतो, हेही त्यांच्याच गटाने दाखवले. ही गोष्ट प्रयोगशाळेतल्या वस्तूला कारखान्यात आणणारी होती. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये निचियाने जाहीर केलेली निळी एलईडी त्याआधी मिळणाऱ्या निळ्या एलईडींच्या सुमारे १०० पट तेजस्वी होती आणि १९९६ मध्ये त्याच कंपनीने आपल्या फॉस्फरच्या ज्ञानाचा उपयोग करून पांढरी एलईडी बाजारात आणली. आज प्रत्येक पेढीवर टांगलेली ट्यूब त्याच घडणीची आहे.

‘४०४ पेटंट’साठी कंपनीने नाकामुरांना दिलेले बक्षीस २०,००० येन होते. त्यांनी कंपनी सोडल्यानंतर हे प्रकरण न्यायालयात गेले. टोकियो जिल्हा न्यायालयाने २००४ च्या जानेवारीत त्यांना २० अब्ज येन देण्याचा निकाल दिला आणि वरच्या न्यायालयात २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळाले. कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत एखादा कामगार यंत्रात सुधारणा सुचवतो, तेव्हा त्याच्या हाती काय पडते, हा प्रश्न मला या आकड्यांमुळे वारंवार पडतो.

चिप उत्तम असली तरी ट्यूब तिच्या ड्रायव्हरइतकीच, म्हणजे घरची वीज चिपला चालेल अशी करून देणाऱ्या सर्किटइतकीच टिकते, आणि माझी तक्रार इथेच आहे. आमच्या पहिल्या खेपेतल्या काही ट्यूब पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली झाल्यावर बंद पडल्या. चिपांची पट्टी धडधाकट होती, जळाला होता तो ड्रायव्हर. पण तो ट्यूबच्या पोटात चिकटवून बंद केलेला असल्यामुळे सुटा बदलता आला नाही. विक्रेत्याने हमीच्या मुदतीत ट्यूब बदलून दिल्या, तरी त्यासाठी त्याच्याकडे बरेच खेटे घालावे लागले. पुढच्या खेपेला ड्रायव्हर बाहेर, वेगळ्या डबीत असलेल्या ट्यूब घेतल्या. दोन स्क्रू काढले की तो बदलता येतो आणि आमच्या नेहमीच्या वायरमनला ते सहज जमते. पेटीवर लिहिलेले हजारो तासांचे आयुष्य बहुधा चिपचे असते. ड्रायव्हरमधला कपॅसिटर उष्णतेने आधी सुकतो, म्हणून पत्र्याच्या छपराला अगदी खेटून ट्यूब लावू नये. एप्रिल-मेमध्ये सांगलीतल्या छपराखाली काय तापते, ते इथल्या माणसाला सांगावे लागत नाही.

ड्रायव्हर हलका असेल तर प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला तो दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा ट्यूबसमोर धरल्यावर पडद्यावर काळे पट्टे सरकू लागले, तर तोच दोष समजावा. पेढीवर याने डोळे शिणतात. कांडपाच्या गिरणीत मात्र ही बाब धोक्याची आहे, कारण अशा प्रकाशात फिरणारी पुली ठरावीक वेगाला थांबलेली भासू शकते. नव्या ट्यूबसमोर कॅमेऱ्यात पट्टे दिसत नाहीत, आणि ही गोष्ट मी तिच्या मोठ्या गुणांत धरतो.

हळदीच्या जागी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुडीची धूळ ट्यूबच्या पांढऱ्या आवरणावर बसते आणि काही आठवड्यांत त्यावर पिवळा पापुद्रा तयार होतो. मग ९५ सीआरआयची ट्यूबसुद्धा सगळा माल पिवळाधमक दाखवू लागते. आमच्याकडे आठवड्याच्या शेवटी ट्यूब बंद करून, थंड झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसण्याची पद्धत ठेवली आहे. ओले फडके लावले तर डाग पसरतो.

या ट्यूबने भेसळ ओळखता येत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मेटॅनिल यलोसारखा रंग मिसळलेली पुडी चांगल्या उजेडात उलट अधिकच आकर्षक दिसू शकते, आणि तिची तपासणी रासायनिक चाचणीनेच करावी लागते. तसेच मोठ्या मालाचा अंतिम भाव आम्ही आजही दिवसाच्या उजेडात हळकुंड मोडूनच बोलतो. आमच्याकडे ट्यूबचे काम संध्याकाळच्या प्रतवारीपुरते आहे, आणि तेवढे ती चोख करते.

किंमत साध्या ट्यूबच्या अडीच ते तीन पट पडली. निळ्या चिपच्या आणि पिवळ्या फॉस्फरच्या मूळ पेटंटांची २० वर्षांची मुदत आता संपलेली आहे आणि साध्या एलईडी त्यामुळेही स्वस्त झाल्या. उच्च सीआरआयला मागणीच कमी, म्हणून सांगलीत ती ऑर्डर देऊन मागवावी लागते. गोदामात, जिन्यात, पोती रचण्याच्या जागी हा खर्च करू नये. तिथे आम्ही जुन्याच ट्यूब ठेवल्या आहेत. हळद, कुंकू, बेदाणा, साड्या किंवा सोने पारखण्याच्या टेबलावर मात्र एक तरी लावावी. घेताना आर-९ चे मूल्य छापलेले नसेल तर विक्रेत्याकडून कंपनीचे माहितीपत्रक मागावे, बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह पाहावे, ड्रायव्हर सुटा मिळतो का ते विचारावे, आणि पैसे देण्याआधी दुकानातच ट्यूब लावून तिच्याखाली चिमूटभर कुंकू धरून पाहावे.