बाटलीची पवनचक्की की पाइपच्या पात्यांची?

वाऱ्यातून वीज कशी होते हे मुलांना करून दाखवायचं, तर पहिला पर्याय बाटलीचा. प्लॅस्टिकची बाटली उभी चिरायची (कटर मोठ्यांच्याच हातात), दोन्ही अर्धी थोडी सरकवून उभ्या आसावर बसवायची. फिनलंडच्या सिगुर्ड सावोनियस यांनी १९२०च्या दशकात काढलेली ही रचना. वारा कुठूनही येवो, ती फिरते. पण फिरते सावकाश. खेळण्यातली मोटार जोडली (उलटी फिरवली की तीच वीज बनवते) तर लाल एलईडीला लागणारे पावणेदोन-दोन व्होल्ट सहसा मिळत नाहीत आणि पोरं हिरमुसतात. तिला दोऱ्याने खोडरबर उचलायला लावा, ते जमतं.

दुसरा पर्याय तीन पात्यांचा, साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर दिसतो तसा. पीव्हीसी पाइप लांबीत कापला की पात्याला बाक आयताच मिळतो. तोंड वाऱ्याकडेच हवं, आणि एक पातं जरा जड झालं की सगळं थरथरतं. पण वेग भरपूर, त्यामुळे टेबल फॅनसमोर एलईडी लागू शकतो. नाहीच लागला तर आधी वायरी उलटून बघा.

खरी गंमत मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावल्यावर. पात्याचा कोन जरा बदला, आकडा हलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते, म्हणून पंख्याचा वेग वाढवताच आकडा उसळतो.

पहिली-दुसरीला बाटली पुरे. सहावी-सातवीला मी डोळे झाकून पाइप देईन. बाटलीत त्यांना बदलून बघण्यासारखं फार काही उरत नाही.